चेंबर, चावी, टिपर: पेठेसाठी माझा कामाचा क्रम. चुकत असेल तर सांगा

गिरणीवाली

नमस्कार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या बाजूला, पंचगंगा नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाला आमची पिठाची गिरणी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच बघते. यंदा महापालिकेला अपक्ष म्हणून अर्ज भरलाय. चिन्ह आणि प्रभाग क्रमांक इथं देत नाही, तो या धाग्याचा विषय नाही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान आहे. त्याआधी निवडून आले तर काय करणार, आणि कशाच्या आधी काय करणार, हे तुमच्यासमोर ठेवायचं आहे.

आपण शेवटचं मतदान केलं २०१५ च्या नोव्हेंबरात. २०२० च्या नोव्हेंबरात त्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. २०१५ ला बालवाडीत जाणारी माझी पुतणी आता दहावीला आहे. एवढा काळ गल्लीतल्या माणसाला तक्रार घेऊन जायला आपला म्हणावा असा माणूस नव्हता. लोक मग माझ्याकडं बोलायचे. गिरणीवर डबा ठेवला की दळण व्हायला दहा मिनिटं जातात, तेवढ्यात माणूस मन मोकळं करतो. शाळू आणि गव्हाचा हिशेब लिहायची एक वही होती, तिच्या मागच्या बाजूनं मी या तक्रारी लिहायला लागले. तारीख, बोळ, काय झालं, कोणाला सांगितलं, पुढं काय झालं.

त्या वहीत सगळ्यात जास्त पानं चेंबरनं खाल्लीत. मग पाण्याची चावी, म्हणजे गल्लीला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. मग टिपर, म्हणजे कचरा न्यायची गाडी. रस्ता चौथा. कमान हवी, बाकडी हवीत, ओपन जिम हवी असं एकही पान नाही. म्हणून माझा क्रमही तोच आहे. पहिलं वर्ष मी नवीन काही बांधायला मागणार नाही. जे आहे ते चालतं करणार.

चेंबरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नदीकाठी न राहणाऱ्याला हे पटकन कळत नाही. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण आमच्या बोळात पाणी नदीकडून येतच नाही, ते खालून येतं. बंधाऱ्यावर अजून ३९ सुद्धा झालेले नसतात, आणि पहाटे बोळातल्या चेंबरचं झाकण खुळखुळ वाजायला लागतं. तो आवाज आला की आमच्या घरात कोणी झोपत नाही. आधी कडेनं बुडबुडे, मग काळं पाणी, मग झाकण सरकतं. नाल्याचं तोंड नदीत बुडालं की गटारीतलं पाणी पुढं जायला वाट नाही, ते उलटं फिरून सखल घरात शिरतं. २०१९ ला गिरणीची मोटर गेली. २०२१ ला शहाणपण करून मोटर माळ्यावर चढवली, तर जातं आणि पट्टे गेले. महापुराला माझा इलाज नाही. पण महापुराच्या आधीचे ते चार-सहा दिवस, जेव्हा नदी पात्रात आहे आणि आमचं घर मात्र गटारीत आहे, त्याला इलाज आहे. मेअखेर चेंबरमधला गाळ खरोखर उपसायचा, उपसून कडेला न ठेवता त्याच दिवशी उचलायचा, आणि नाल्याच्या तोंडाला एकेरी झडप बसवायची.

चावी. थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, आनंद झाला. पण काळम्मावाडी धरणाचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणं वेगळं आणि आमच्या बोळाच्या शेवटच्या नळाला येणं वेगळं. चावी किती वाजता सुटणार आणि किती वाजता बंद होणार हे कुठंच लिहिलेलं नसतं. माझं पहिलं पत्र त्यासाठी असेल: प्रत्येक चावीचं वेळापत्रक त्या त्या गल्लीच्या तोंडाला रंगवून लावा. बदल झाला तर आदल्या रात्री कळवा.

टिपरचं एका ओळीत. आमच्याकडं निम्म्या बायका आठच्या आत कामाला बाहेर पडतात आणि टिपर नऊनंतर येतो, म्हणून कोंडाळा, म्हणजे गल्लीतला कचरा टाकायचा कोपरा, हटवला तरी आठवड्यात पुन्हा तिथंच भरतो. संध्याकाळची एक फेरी हवी.

आणि रस्ता. रस्ता करा, पण आधी उकरा. गिरणीला दोन पायऱ्या होत्या. सासऱ्यांनी काळ्या दगडाच्या बसवलेल्या. दर डांबरीकरणाला जुन्या थरावर नवा थर, असं करत करत आज एक पायरी रस्त्याच्या पोटात आहे आणि दुसरीवरून पाणी आत येतं. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू देणार नाही, हे मी लिहून देते.

आता बोला.

---

पेठेतला_पोरगा

ताई, वहीची कल्पना एकदम पटली. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर रोज हेच बोलणं असतं, पण लिहून कोण ठेवतंय? पायरीचं तर प्रत्येक जुन्या घराचं तेच आहे. आमच्या घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेलाय. आजी पावसाळ्यात दाराला पोती आणि वाळू लावते.

एक भर घाला. सुट्टीत पोरं गल्लीतच फुटबॉल खेळतात, कारण जिथं खेळायचं तिथं गाड्या लागतात. मैदान नवीन नको, आहे ते संध्याकाळी चार ते सात मोकळं ठेवा.

---

व्यवस्थापक

पक्ष, चिन्ह आणि कोण कोणाचा माणूस यावर इथं बोलायचं नाही. मुद्द्यावर हवं तेवढं लिहा.

---

तेरावी_गल्ली

राजारामपुरीतून लिहितोय. ताईंच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मला हे पटत नाही आणि स्पष्ट सांगतो.

चेंबर साफ करणं, चावी वेळेवर सोडणं, टिपर फिरवणं ही पगारी माणसांची रोजची कामं आहेत. नगरसेवक हा मुकादम नाही. तो सभागृहात धोरण ठरवायला जातो. आपल्याकडं उलटं झालंय. नगरसेवक गटारीच्या कडेला उभा राहून फोटो काढतो आणि शहराच्या मोठ्या प्रश्नांवर सभागृहात कोणी अभ्यास करून बोलत नाही.

शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. त्यात आपण साडेपाच लाखांच्या घरात, आणि हा आकडा २०११ च्या जनगणनेचा. हद्दीबाहेर उपनगरं उभी राहिली, त्यांची वाहनं, त्यांचा कचरा, त्यांचं सांडपाणी शहराच्याच अंगावर येतं. हद्दवाढीचा निर्णय नाही, म्हणून घरफाळा वाढत नाही, म्हणून पैसा नाही, म्हणून चेंबर तुंबलेलं. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं बघा. त्यातून आपलं सांडपाणी पंचगंगेत जातं, ती पुढं इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. खालची माणसं ते पाणी पितात. कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि दुधाळीचं १७ एमएलडीचं केंद्र पूर्ण क्षमतेनं चालतं का, तिथवर सगळं सांडपाणी पोचतं का, हे विचारणारा नगरसेवक मला हवा आहे. बोळातलं झाकण बघणारा नको.

---

गिरणीवाली

दादा, तुमचं म्हणणं वाचून थांबले होते, लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

जयंती नाल्याबद्दल तुम्ही बोलताय ते खरं आहे. पण त्या नाल्यात येतं ते आमच्याच चेंबरमधून ना? बोळातली गटार ज्या ठिकाणी फुटलीय तिथून मैला पावसाच्या पाण्याच्या चॅनेलमध्ये पडतो आणि सरळ नदीला जातो. तो बावड्याच्या केंद्रापर्यंत पोचतच नाही. केंद्र कितीही मोठं करा. तुमचं काम आणि माझं काम एकाच पाईपची दोन टोकं आहेत.

पगारी माणसांचं काम आहे, मान्य. पण ते झालं की नाही हे कोण बघणार? पाच वर्षं बघणारं कोणी नव्हतं, त्याचं काय झालं ते माझ्या वहीत आहे. ८१ जणांच्या सभागृहात मी एकटी अपक्ष हद्दवाढ करून आणेन असं मतदाराला सांगणं म्हणजे फसवणूक होईल. ठराव आला तर अभ्यास करून मत देईन, एवढं आज सांगू शकते. झाकणाचं मात्र मी आज शब्द देऊन सांगू शकते.

---

मोजपट्टी

निवृत्त आहे. आयुष्य पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामात गेलं, कुठं ते महत्त्वाचं नाही. ताई, तुमचा क्रम बरोबर आहे, पण झडपेबद्दल दोन गोष्टी सांगणं माझं कर्तव्य समजतो.

एकेरी झडप साधी असते. लोखंडी किंवा रबरी पडदा, वरून बिजागरीला टांगलेला. आतून पाणी आलं की उघडतो, बाहेरून नदीचा दाब आला की मिटतो. पण त्यात प्लास्टिकची एक पिशवी किंवा नारळाची करवंटी अडकली की तो मिटत नाही, आणि नेमका महापुराच्या दिवशी निकामी ठरतो. म्हणून झडपेच्या आत जाळी हवी आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती साफ करणारा नेमलेला माणूस हवा. झडप बसवण्याचे पैसे मिळतात, जाळी साफ करण्याचे कोणी धरत नाही. तुम्ही दोन्ही मागा.

दुसरी अडचण मोठी आहे. नदी वर आहे, झडप मिटलेली आहे, आणि त्याच वेळी शहरात धो धो पाऊस पडतोय. आता बोळातलं पाणी जाणार कुठं? झडपेनं नदी बाहेर ठेवली, पण तुमचंच पाणी तुमच्याच घरात भरेल. त्यासाठी झडपेजवळ एक खड्डा आणि त्यात पंप लागतो, जो आतलं पाणी उचलून झडपेच्या पलीकडं टाकेल. पंपाला वीज लागते, आणि पुरात सर्वांत आधी वीज बंद करतात. म्हणजे डिझेलचा पंप, आणि तो ठेवायचा उंच ओट्यावर. एवढं सगळं एकत्र मागितलं तरच उपयोग. निम्मं मागून निम्मं मिळालं तर लोक म्हणतील, झडप बसवल्यापासून पाणी जास्त येतंय, आणि त्यांचं खरं असेल.

रस्त्याचं. खरवडण्याचं यंत्र तुमच्या बोळात जाणार नाही. तिथं डांबर करूच नका. पाईप बदलून झाल्यावर दगडी फरशी किंवा ब्लॉक बसवा. पुढं उकरायची वेळ आली तर तेवढेच काढून पुन्हा बसवता येतात. आणि पाईपलाईनची चर बुजवताना मुरूम थराथरानं, पाणी मारून, धुम्मस करून भरायला लावा. एकदम ढीग ढकलून वर डांबर ओतलं की पहिल्या पावसात चर खचते. रस्ता खराब झाला असं आपण म्हणतो. खरं तर रस्त्याच्या खालची माती बसलेली असते.

शेवटचं, वेळेबद्दल. कुठलंही काम आधी पाहणी, मग अंदाजपत्रक, मग कोणत्या शीर्षाखाली पैसे आहेत ते, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, अशा वाटेनं जातं. नवीन आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. निवडून आलात तर हार काढून ठेवा आणि फेब्रुवारीतच कनिष्ठ अभियंत्याला घेऊन बोळातून चाला. मार्च निघून गेला की चेंबरचं काम थेट पुढच्या वर्षावर. आणि झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत माहिती अधिकारात मागता येते, २००५ पासून. ठेकेदारानं किती मीटर लिहिलंय आणि जमिनीत किती आहे, ते टेप लावून बघायला अभियंता व्हावं लागत नाही.

---

रिक्षा_स्टॉप

ताई आमचं पण ऐका. आमी दिवसभर रस्त्यावरच हाय. २०२५ च्या ऑगस्टात सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, चांगलं झालं, सहा जिल्ह्यांतल्या लोकांची मुंबईची वारी वाचली. पण ती माणसं गाड्या घिऊन येत्यात, आणि अंबाबाईला येणारी येगळी. शनिवार-रविवार बिंदू चौकापासनं पापाची तिकटीपर्यंत चालत जाणारा आमच्या आधी पोचतो. गाड्या मग पेठेतल्या गल्लीत घुसत्यात. ॲम्ब्युलन्स अडकलेली मी सोता बघितलीय. आत म्हातारी आणि पुढं आडवी लावलेली बाहेरगावची गाडी, मालक दर्शनाला.

आमचं म्हणणं एवढंच हाय. पार्किंगची इमारत कवा व्हायची तवा हुदे. तोवर पेठेतल्या गल्ल्यांच्या तोंडाला सणासुदीला आणि सुट्टीला माणूस उभा करा, आणि राहणाऱ्यांच्या गाड्यांना पास द्या. बाहेरच्या गाडीला आत जायचंच कारण न्हाई. आणि रिक्षावाल्याला दोषी धरायच्या आधी स्टॉपची पांढरी पट्टी मारा, ती पुसून वर्षं झाली.

---

नळावरची

मी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि दोन लहान मुलांची आई आहे. गिरणीवाली ताईंना चावीच्या वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे.

पाणी कमी दाबानं येतं, म्हणून लोक नळालाच मोटर लावतात. पुढच्यानं मोटर लावली की मागच्याला थेंब नाही, म्हणून तोही लावतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण मोटर पाईपमधून पाणी ओढते तेव्हा पाईपला जिथं बारीक चीर असेल तिथून बाहेरचंही ओढते. आपल्या जुन्या पेठांत पाण्याची लाईन आणि गटार शेजारी शेजारी, काही ठिकाणी तर नळजोड गटारीतूनच गेलेला. चीर असेल तिथं गटारीतलं पाणी आत येतं. आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात लागोपाठ तीन घरांत कावीळ निघाली, त्यात माझा धाकटा होता. पाचव्या वर्षी त्याचे डोळे हळदीसारखे झालेले मी पाहिलेत. तेव्हापासून मी आमच्या नळाचं पाणी स्वतः तपासते.

ते कोणालाही जमतं. चावी सुटल्यावर सुरुवातीचं पाणी जाऊ द्यायचं, मग छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, दोन-तीन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी राहिलं पाहिजे. पाणी पांढरंच राहिलं तर समजायचं, वाटेत काहीतरी मिसळलंय आणि त्यानं क्लोरीन खाऊन टाकलंय, किंवा मुळात टाकलेलंच नाही. दोन्ही वाईट.

माझी मागणी: पेठेतल्या प्रत्येक लाईनच्या शेवटच्या नळावर आठवड्यातून दोनदा ही तपासणी व्हावी आणि निकाल गल्लीच्या तोंडाला, चावीच्या वेळापत्रकाशेजारीच लिहावा. तपासायला मी येते. गल्लीतल्या आणखी चार-पाच बायकांना शिकवते.

---

रंकाळाकाठ

वयानं थोडा मोठा आहे म्हणून जुनं सांगतो. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साठतं आणि दरवेळी लोक विचारतात, असं का होतं. अहो, ते वरुणतीर्थ होतं, तळं. कपिलतीर्थ मार्केटच्या जागी कपिलतीर्थ. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं. कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. उतारावरून येणारं पाणी या तळ्यांत थांबायचं, मुरायचं, मग सावकाश नाल्यानं नदीला जायचं. आपण तळी बुजवली. पाण्याला थांबायची जागा राहिली नाही, तर ते तुमच्या बोळातच थांबणार.

बुजवलेलं तळं परत येणार नाही. पण उरलेल्या मोकळ्या जागा, शाळांची मैदानं, नाल्याच्या कडा यांच्यावर सिमेंट टाकू नका. मैदान सुशोभित करायचं म्हणून सगळीकडं फरशी घालतात, ते थांबवणारा नगरसेवक मला हवा. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला घेतलं, ते पाणी अडवून ठेवायचं असतं हे कळत होतं म्हणून. आज राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की आपण सगळे मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. तसंच आपल्या वॉर्डातलं पाणी कुठं अडतं आणि कुठं अडवता येईल, याचा एक नकाशा तरी करा.

---

झाडूवाल्याची_लेक

धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं करत होते.

सगळे म्हणताय चेंबर साफ करा, मेअखेर साफ करा, खरोखर साफ करा. ते कोण करतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. माझे वडील करायचे. आमच्या घरी ते मागच्या दारानं यायचे, अंगणातच आंघोळ करायचे आणि मगच आत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचे वडील असंच करतात.

सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मोठ्या रस्त्यावर जेटिंगची, म्हणजे जोरदार पाणी मारून गटार मोकळी करायची, गाडी येते, पाईप टाकते, काम होतं. पण ताई, तुमच्या बोळात ती गाडी शिरते का? आमच्या नाही शिरत. मग मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस म्हणतो, जरा उतर की, पाच मिनिटांचं काम आहे. वरचे लोक खिडकीतून ओरडत असतात, पाणी घरात आलंय, लवकर करा. नाही म्हणायची ताकद त्या माणसात नसते. बंद चेंबरमध्ये वायू साठतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि तो जास्त झाला की वासच येईनासा होतो, नाक मरतं. माणसाला वाटतं, हवा बरी आहे. वडिलांचा एक सोबती तसाच वरून खाली गेला तो शुद्धीवर दवाखान्यातच आला. जगला. प्रत्येक जण जगत नाही.

तुमच्या वहीत चेंबरची सगळ्यात जास्त पानं आहेत म्हणालात. त्यातल्या किती पानांवर, चेंबर साफ झालं असं लिहिलंय? आणि कसं साफ झालं, ते लिहिलंय का?

---

गिरणीवाली

नाही लिहिलेलं.

रात्री वही काढून बसले. 'काम झालं' अशी खूण बऱ्याच पानांवर आहे. कशानं झालं हे एकाही पानावर नाही. आणि मला आठवतं आहे, ताई. एका श्रावणात आमच्याच दारातल्या चेंबरमध्ये एक माणूस कमरेपर्यंत उतरला होता, पायात काही नाही, हातात बांबू. मी त्याला चहा दिला. कपाला हात लावायला तो संकोचला, मी कप खाली ठेवला आणि त्यानं तिथून उचलला. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, 'चेंबर मोकळं झालं, बरं वाटलं.' एवढंच लिहिलं. काल रात्रीपासून ते वाक्य डोळ्यासमोर आहे.

क्रम बदलते. पहिलं काम चेंबर नाही. पहिलं काम बोळात शिरेल असं यंत्र. छोट्या गाडीवर बसवलेली जेटिंग आणि ओढून घ्यायची यंत्रं असतात असं ऐकलंय, मोजपट्टी काकांनी यावर लिहावं ही विनंती. जोवर ते येत नाही तोवर माझ्या प्रभागात माणूस उतरवू देणार नाही. घरात पाणी आलं तरी. माझ्या स्वतःच्या घरात आलं तरी. त्यासाठी कोणी मला मत दिलं नाही तर चालेल.

झडपेबरोबर जाळी, खड्डा आणि डिझेल पंप, हे काकांचं सगळं घेतलं. पाण्याची तपासणी चावीच्या आधी घेतली. नळावरची ताई, तुमच्या मुलाचं वाचून हात थांबला होता. तुम्ही शिकवायला या, गिरणीच्या ओट्यावर जागा आहे. रिक्षावाल्या दादांची गल्लीच्या तोंडाला माणूस उभा करायची गोष्ट निवडणूक नसतानाही होण्यासारखी आहे, तालमीच्या पोरांशी बोलते.

---

तेरावी_गल्ली

माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण वरच्या दोन पोस्टनंतर 'बोळातलं झाकण' हा शब्द मी परत घेतो.

एक व्यवहाराचा प्रश्न. २०१५ पर्यंत आपल्याकडं एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, ८१ वॉर्ड, ८१ माणसं. आता २० प्रभाग आहेत आणि बहुतेक प्रभागांत चार जण. मतदारानं चार बटणं दाबायची. उद्या तुमच्या बोळातलं यंत्र आलं नाही तर मी चौघांतल्या कोणाला धरू? चौघेही म्हणतील दुसऱ्याचं आहे. आणि काम झालं तर चौघांचे फलक लागतील.

---

गिरणीवाली

हा प्रश्न माझ्याही मनात आहे. बाकीचे तिघे कोण येतील मला माहीत नाही. जे येतील त्यांच्याबरोबर पहिल्याच महिन्यात बसून गल्ल्यांची आणि विषयांची वाटणी लेखी करायची, सह्या करायच्या, आणि तो कागद प्रत्येक चौकात लावायचा. ते तयार झाले नाहीत तर माझ्यापुरता कागद मी लावणार: ड्रेनेज आणि पाणी, या गल्ल्या, हा फोन. आणि कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, वॉर्डातल्या मतदारांना एकत्र बसवून त्यांच्यासमोर हिशेब द्यायची. ती आपल्याकडं कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. मी घेणार. वही तिथं सगळ्यांसमोर उघडी ठेवणार.

---

मोजपट्टी

छोटी यंत्रं असतात. तीनचाकी किंवा छोट्या चारचाकीवर टाकी आणि पंप बसवलेला असतो. पण त्यांनाही रुंदी लागते, आणि वळायला त्याहून जास्त. अंदाजानं मागणी करू नका. कोणत्या बोळात कमीत कमी किती रुंदी आहे याची यादी हातात असेल तर, यंत्र तुमच्याकडं शिरत नाही, हे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. जिथं तेही शिरणार नाही तिथं गाडी तोंडाशी उभी करून लांब पाईप आत न्यावा लागेल. म्हणून तोंडापासून शेवटच्या चेंबरपर्यंतचं अंतरही मोजा. टेप माझ्याकडं आहे. रविवारी सकाळी सातला येतो.

---

पेठेतला_पोरगा

तालमीतले आम्ही सहा जण येतो. चुना आणि वही घेऊन.

---

झाडूवाल्याची_लेक

मी वडिलांना विचारते. कोणतं चेंबर कुठं जोडलंय आणि कोणतं डांबराखाली गाडलं गेलंय ते त्यांना तोंडपाठ आहे. चालवत नाही फार, पण रिक्षानं आणेन.

---

रिक्षा_स्टॉप

पत्ता कळवा ताई, मी आणतो. भाडं न्हाई घेणार.

---

गिरणीवाली

रविवार झाला, लगेच लिहितेय म्हणून हिशेब अर्धा आहे. अकरा बोळ मोजले. आमच्या बोळाचं तोंड सात फूट दोन इंच आहे, पण आत पंधरा पावलांवर विजेचा खांब आहे आणि तिथं फक्त चार फूट नऊ इंच उरतात. खांब भिंतीकडं सरकवला तर छोटी गाडी शेवटपर्यंत जाते, असं मोजपट्टी काका म्हणाले. म्हणजे आमचं पहिलं पत्र चेंबरसाठी नाही, त्या खांबासाठी जाणार.

दुसऱ्या काकांनी, म्हणजे झाडूवाल्याची_लेक ताईंच्या वडिलांनी, काठीनं तीन ठिकाणी रस्ता ठोकून दाखवला. खाली चेंबर आहे म्हणाले. पोरांनी चुन्यानं गोल केले. त्यातलं एक माझ्या गिरणीच्या बुडालेल्या पायरीला लागूनच निघालं. इतकी वर्षं मी त्याच्यावर उभी राहून दळण देत होते.

उरलेले बोळ पुढच्या रविवारी. ताईंचे वडील ओट्यावर बसले होते, चहा आम्ही सगळ्यांनी एकाच ट्रेमधून घेतला. येताना कोणीतरी दुसरा टेप आणा, एक पुरत नाही.